अर्थ आणि आचार : स्वतः न केलेले, पण करवून घेतलेले

मार्चअखेर जवळ आला की पेढीवरचे वातावरण बदलते. येणे-देणे तपासले जाते, गोदामातील मालाची मोजणी होते, मुनीमजी रात्री उशिरापर्यंत खतावणीवर मान घालून बसतात. जपानमधील बहुसंख्य कंपन्यांचे आर्थिक वर्षही एप्रिल ते मार्च असेच असते. तेथेही मार्चअखेर आहे, सप्टेंबरअखेरची सहामाही आहे आणि त्या दिवसांतली धावपळही आहे. म्हणूनच तेथील एका बलाढ्य तंत्रज्ञान कंपनीच्या हिशेबवह्यांची कथा इकडच्या व्यापारी कुटुंबांस परकी वाटण्याचे कारण नाही. ती कंपनी म्हणजे तोशिबा.

तोशिबाचे मूळ १८७५ साली हिसाशिगे तानाका नावाच्या कुशल कारागिराने टोकियोत काढलेल्या तारयंत्रांच्या कारखान्यात आहे. विजेचे दिवे बनविणारी दुसरी एक संस्था १८९० मध्ये निघाली आणि १९३९ मध्ये या दोन्ही शाखा एक झाल्या. १९५५ मध्ये याच कंपनीने जपानी गृहिणीच्या हाती विजेवर भात शिजविणारे भांडे दिले, १९८५ मध्ये लॅपटॉप संगणक बाजारात आणला. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये छायाचित्रे साठविणारी जी फ्लॅश मेमरी असते, तिचा शोधही तोशिबातील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८० च्या दशकात लावला. भाताच्या कुकरपासून अणुभट्टीपर्यंत सर्व काही करणारी, सुमारे दोन लाख माणसे पोसणारी ही कंपनी होती. अशा घराण्यात पुढे जे घडले ते भुकेपोटी घडले, असे म्हणता येत नाही.

या कंपनीच्या इतिहासातील एक व्यक्ती जैन वाचकांनी मुद्दाम ओळखावी अशी आहे. १९६५ मध्ये तोशिबा अडचणीत असताना तोशिओ दोको हे अध्यक्ष म्हणून आले. पुढे ते जपानी उद्योगजगताच्या सर्वोच्च संघटनेचे प्रमुख झाले आणि १९८१ मध्ये सरकारी खर्चाच्या कपातीसाठी नेमलेल्या आयोगाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले. एवढ्या पदावरचा हा गृहस्थ बस आणि आगगाडीने कामावर जाई, जुन्या छोट्या घरात राहत असे, रोज सकाळ-संध्याकाळ बौद्ध सूत्राचा पाठ करीत असे आणि मिळकतीचा मोठा भाग आईने स्थापन केलेल्या मुलींच्या शाळेला देत असे. दूरचित्रवाणीवर एकदा त्यांचे रात्रीचे जेवण दाखविले गेले, तेव्हा ताटातील साधेपणा पाहून सारा देश थक्क झाला. (ते ताट शाकाहारी नव्हते, एवढा भेद सोडला तर परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या श्रावकास ते घर आपलेच वाटले असते.) सूत्रे हाती घेताना त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले की त्यांनी पूर्वीपेक्षा तिप्पट डोके चालवावे, संचालकांनी दहापट काम करावे आणि आपण स्वतः त्याहून अधिक करू.

दोको यांच्या कारभारात ‘चॅलेंज’ हा इंग्रजी शब्द वापरला जात असे, आणि त्याचा जोडीदार शब्द होता ‘रिस्पॉन्स’. वरिष्ठाने विचारावयाचे, ठरलेले काम का झाले नाही? कनिष्ठाने कारण सांगावयाचे आणि आता काय करणार तेही सांगावयाचे. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही मिळून एक व्यवहार. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हाच शब्द तोशिबाच्या चौकशी अहवालात पानोपानी आला, पण तेव्हा त्याचा जोडीदार नाहीसा झाला होता. उरला होता तो फक्त वरून खाली येणारा आकडा.

२००५ पासून दहा वर्षांत तोशिबाला तीन अध्यक्ष लाभले. आत्सुतोशी निशिदा हे मुळात राजकीय तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. इराणमधील नोकरीतून ते तोशिबात आले आणि युरोपात लॅपटॉपचा व्यवसाय उभा करून मोठे झाले. त्यांच्या कारकिर्दीत, २००६ मध्ये, अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस ही अणुऊर्जा कंपनी ५४० कोटी डॉलरना घेण्यात आली आणि तीत तोशिबाचा हिस्सा ७७ टक्के होता. किंमत फार चढी आहे असे तेव्हाही अनेकांचे मत होते. त्यानंतर २००९ मध्ये आलेले नोरिओ सासाकी हे अणुऊर्जा विभागातले, तर २०१३ मध्ये आलेले हिसाओ तानाका हे खरेदी विभागातून वर चढलेले. निशिदा आणि सासाकी यांचे पुढे इतके बिनसले की जपानी शिष्टाचारात न बसणारी टीका चारचौघांत झाली. दोन ज्येष्ठांच्या अशा स्पर्धेत खालच्या माणसाची काय स्थिती होते, हे एकत्र कुटुंबाच्या दुकानात वाढलेल्यांस सांगावयास नको.

बाहेरची परिस्थितीही बिकट होती. २००८ ची जागतिक मंदी आली आणि मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेने अणुऊर्जेच्या व्यवसायाचे भवितव्यच धूसर केले. अशा वेळी नफा कमी होणे हा अपराध नव्हता. पण अध्यक्षांच्या मासिक बैठकीत विभागप्रमुखांना ‘चॅलेंज’ दिले जाऊ लागले. सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस सहामाही संपावयास तीन दिवस उरले असताना सासाकी यांनी संगणक विभागास १,२०० कोटी येनची सुधारणा करून दाखविण्यास सांगितले. त्या तीन दिवसांत नवे गिऱ्हाईक मिळणार नव्हते, माल तयार होणार नव्हता, कारखान्याचा खर्चही कमी होणार नव्हता. बदलता येण्याजोगी वस्तू एकच होती, हिशेब.

तो कसा बदलला गेला हे समजून घेण्यासाठी इचलकरंजीचे उदाहरण पुरेसे आहे. एखादा कापड व्यापारी सूत घेऊन यंत्रमागधारकास जॉबवर्कसाठी देतो आणि विणलेले कापड परत घेतो. समजा, सूत १०० रुपयांना घेतले, पण यंत्रमागवाल्याच्या नावे ते ५०० रुपयांना लिहिले. त्याने मजुरीचे ५० मिळवून ५५० रुपयांना कापड परत दिले. व्यापाऱ्याचा खरा खर्च १५० रुपयेच. मधले ४०० रुपये हे केवळ कागदावरचे असून कापड परत येऊन विकले जाईपर्यंत त्यांना नफा म्हणता येत नाही, हे नव्याने पेढीवर बसलेला मुलगाही जाणतो.

तोशिबाचे लॅपटॉप तैवानमधील कारखानदार जुळवीत. लागणारे सुटे भाग तोशिबा स्वतः घाऊक खरेदी करून त्यांना चढ्या भावाने देई. चढा भाव लावण्यामागचा मूळ हेतू गैर नव्हता. तोशिबाला माल किती स्वस्त मिळतो हे इतरांना कळू नये, एवढाच तो होता. परंतु सुटे भाग देताच मधला फरक उत्पादनखर्चातून वजा करण्याची पद्धत पडली होती. म्हणजे माल दिला रे दिला की नफा दिसू लागे. एकदा ही वाट सापडल्यावर तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत गरजेपेक्षा कितीतरी अधिक सुटे भाग तैवानच्या कारखान्यांकडे ढकलले जाऊ लागले आणि लावलेला भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. पुढच्या तिमाहीत हा फुगा आपोआप उतरे, म्हणून तो झाकण्यास आणखी मोठा फुगा लागे. शेवटी काही तिमाहीअखेरच्या महिन्यांत संगणक विभागाचा नफा त्या महिन्याच्या एकूण विक्रीहून अधिक दिसू लागला. शंभर रुपयांच्या विक्रीत एकशेदहा रुपये नफा! हा आकडा वरच्या टेबलापर्यंत पोहोचत होता, त्यावर नजरा फिरत होत्या, आणि तरी कोणी विचारले नाही की हे कसे शक्य आहे. साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग हाच म्हणावा लागेल.

अन्य विभागांत रीत निराळी, हेतू एकच. अनेक वर्षे चालणाऱ्या बांधकाम कंत्राटांत तोटा होणार हे दिसत असतानाही त्याची तरतूद केली गेली नाही. झालेला खर्च पुढच्या काळात ढकलला गेला. त्यात विस्ताराने शिरण्याची आवश्यकता नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये जपानच्या रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे आतल्या कोणीतरी माहिती दिली. माजी सरकारी अभियोक्त्याच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती बसली आणि जुलैमध्ये तिचा अहवाल आला. २००८-०९ पासून डिसेंबर २०१४ पर्यंत १५,१८० कोटी येनचा नफा फुगवून दाखविला गेल्याचे समितीला आढळले. तेव्हा एक येन साधारण पन्नास पैशांचा होता. २१ जुलै २०१५ रोजी तानाका, सासाकी आणि निशिदा या तिघांनीही पदे सोडली. पत्रकारांसमोर कमरेत वाकून क्षमा मागताना तानाका यांनी हेही सांगितले की अयोग्य हिशेब लिहिण्याची प्रत्यक्ष आज्ञा आपण दिली असे आपणास वाटत नाही.

हे उत्तर खोटे होते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. ‘खोटे लिहा’ अशा लेखी आज्ञेवर समितीचे निष्कर्ष उभे नाहीत. समितीने बोट ठेवले ते वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही या कंपनीच्या संस्कृतीवर. अध्यक्षाने आकडा मागितला. विभागप्रमुखाने तो खालच्यास दिला. त्याने आणखी खालच्यास. लेखणी हाती असलेल्या शेवटच्या माणसापाशी तो पोहोचला तेव्हा त्या माणसाला विचारावयास कोणी उरले नव्हते.

जैन आचारशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने करून ठेवला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक ‘कूटलेखक्रिया’ आहे. कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज, खोटे लिखाण. श्रावक हा मुख्यतः व्यापार करणारा असणार, हे गृहीत धरूनच जणू ही नोंद झाली असावी. त्यापाठोपाठ अचौर्याच्या अतिचारांत ‘स्तेनप्रयोग’ येतो, म्हणजे स्वतः चोरी न करता दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे. आणि कृत, कारित, अनुमोदित हा भेद तर प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्यास संमती दिलेले. श्वेतांबर परंपरेत गृहस्थ आपले अणुव्रत बहुधा दोन करण आणि तीन योगांनी घेतो. संसारात राहून अनुमोदनापासून पूर्ण अलिप्त राहणे कठीण, म्हणून तेवढी सवलत त्याला मिळते. परंतु करविण्यास सवलत नाही. करणे आणि करविणे या दोन्हींचा त्याग मन, वचन आणि कायेने करावयाचा असतो. तानाका यांचे उत्तर न्यायालयात कदाचित टिकेल. (वस्तुतः या माजी अध्यक्षांवर फौजदारी खटला उभा राहिलाच नाही.) ‘कारित’ या शब्दासमोर मात्र ते टिकणार नाही.

आता तोशिबा क्षणभर बाजूस ठेवून एखाद्या मध्यम पेढीकडे पाहावे. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा आहे. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावयाचे, त्यावर बँक किती रक्कम उचलता येईल ते ठरविणार. मंदीमुळे गोदामात माल कमी आहे किंवा आहे तो जुना, भाव पडलेला आहे. ज्येष्ठ शेठजी सकाळी देवदर्शन आटोपून पेढीवर येतात आणि मुलास एवढेच सांगतात, ‘या महिन्यात उचल कमी होता कामा नये, सुरतेचे देणे द्यायचे आहे.’ शेठजी असत्य बोललेले नाहीत. मालाचा आकडा फुगवावा असे त्यांच्या मनातही नसेल. मुलगा मुनीमजींकडे पाहतो, मुनीमजी लेखणी उचलतात. स्टेटमेंटवर सही मुलाची असते. पुढच्या महिन्यात फुगविलेला माल कमी दाखविता येत नाही, कारण मग तो गेला कोठे हे सांगावे लागेल. वर्षभराने बँकेचा अधिकारी गोदाम पाहावयास येतो म्हटल्यावर मुलाचे जेवण सुटते, आणि शेठजींना खरोखरच कळत नाही की याला झाले तरी काय. तीन दिवसांत १,२०० कोटी येन मागणारा अध्यक्ष आणि हे सज्जन गृहस्थ यांच्यात स्वभावाचे अंतर फार मोठे आहे. मुलाच्या बाजूने पाहिले तर ते फारसे जाणवत नाही. त्याला जे हवे होते ते एवढेच की वडिलांनी एकदा विचारावे, ‘माल किती आहे? नसेल तर सुरतवाल्यांशी मी बोलतो.’ दोको यांच्या भाषेत, रिस्पॉन्सला जागा.

अनेकांची अशी समजूत असते की नियम कडक केले, समित्या नेमल्या की असे प्रकार थांबतात. तोशिबाने २००३ मध्येच समित्यांवर आधारलेली आधुनिक कारभारपद्धती स्वीकारली होती आणि त्याबद्दल तिचे कौतुकही झाले होते. पण हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी कंपनीचाच माजी वित्तप्रमुख असे. ज्यांच्या देखरेखीखाली वह्या लिहिल्या गेल्या, त्यांनीच त्या तपासावयाच्या! कर्मचाऱ्यांनी नाव न सांगता तक्रार करावी यासाठीही कंपनीत व्यवस्था होती. तिच्याकडे दरवर्षी तक्रारी येत, परंतु या प्रकाराबद्दल तेथे एकही आली नाही. ज्याने अखेर तोंड उघडले तो घरातल्या वडीलधाऱ्यांकडे न जाता सरकारी आयोगाकडे गेला. कागदावर दार होते, पण त्यातून कोणी आत जाईल असा विश्वास नव्हता. बाहेरच्या लेखापरीक्षक संस्थेलाही हे दिसले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तिला २१० कोटी येनचा दंड झाला आणि तीन महिने नवे काम घेण्यास मनाई झाली. तोशिबाला स्वतःला झालेला दंड ७३७ कोटी येनचा होता.

तोशिबा या दंडांमुळे बुडाली नाही. तिला बुडविले ते वेस्टिंगहाऊसने. २०१२-१३ आणि २०१३-१४ या वर्षांत वेस्टिंगहाऊसने आपल्या मालमत्तेचे मूल्य सुमारे १३० कोटी डॉलरनी घटविले होते, ही गोष्ट तोशिबाने नोव्हेंबर २०१५ पर्यंत जाहीर केली नाही. फुगविलेल्या नफ्याची खरी किंमत ही होती. नफा दिसत होता म्हणून घाव लपविता आला, आणि लपविला म्हणून त्यावर उपाय झाला नाही. मार्च २०१७ मध्ये वेस्टिंगहाऊसने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी तोशिबाचा तोटा ९६,५७० कोटी येनवर गेला.

भर घालण्यासाठी विकावे लागले ते आजारी विभाग नव्हेत, कारण त्यांना कोण किती देणार? विकले गेले ते निरोगी. रुग्णालयांसाठी तपासणी यंत्रे बनविणारा नावाजलेला विभाग २०१६ मध्ये ६६,५५० कोटी येनला कॅनन कंपनीकडे गेला. मासुओकांच्या शोधावर उभा राहिलेला मेमरी चिपचा व्यवसाय २०१८ मध्ये सुमारे दोन लाख कोटी येनला परदेशी गुंतवणूकदारांच्या नेतृत्वाखालील गटास देण्यात आला. भाताच्या कुकरचा, घरगुती उपकरणांचा विभाग एका चिनी कंपनीने घेतला. शेअर बाजारातून काढले जाऊ नये म्हणून २०१७ अखेरीस विदेशी फंडांना नवे भाग विकून ६०,००० कोटी येन उभे केले, तर त्या भागधारकांशी व्यवस्थापनाचे पुढची काही वर्षे भांडण चालले. शेवटी २० डिसेंबर २०२३ रोजी, टोकियो बाजारात ७४ वर्षे काढल्यानंतर, तोशिबाचे नाव फलकावरून उतरले. आता ती जपानी गुंतवणूक संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाच्या मालकीची खासगी कंपनी आहे.

आणि ज्या संगणक विभागाकडून सप्टेंबर २०१२ मध्ये तीन दिवसांत १,२०० कोटी येन मागितले गेले होते, त्याचा ८०.१ टक्के हिस्सा सहा वर्षांनी शार्प कंपनीने घेतला. त्यासाठी तिने मोजलेली रक्कम सुमारे ४०० कोटी येन होती.